काट्याभोवतीचा पहारा

पायात बाभळीचा काटा मोडला आणि तो वेळेवर निघाला नाही, की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, ठणकू लागते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिथे पू होतो. आमच्या मुखेड भागात रानात राबणाऱ्या माणसाला हे सांगावे लागत नाही. रुईचा चीक लावायचा, काटा वर आला की सुईने काढायचा, पू पिळून टाकायचा आणि पुन्हा कामाला लागायचे. पू म्हणजे घाण, शरीरात नासलेली वस्तू, अशीच आपली समजूत. एकशेचाळीस वर्षांपूर्वी युरोपातल्या बड्या डॉक्टरांची समजूतही यापेक्षा फार वेगळी नव्हती. पुवातल्या पांढऱ्या पेशींत जंतू दिसतात ते त्यांना ठाऊक होते. पण या पेशीच जंतूंना अंगभर फिरवतात, असे त्यांतले पुष्कळजण मानत. ही घाण नव्हे, लढाईत कामी आलेल्या शिपायांचा ढीग आहे, असे ठामपणे सांगितले ते इल्या मेचनिकॉव्ह यांनी. आणि गंमत अशी, की हा गृहस्थ डॉक्टर नव्हता. तो समुद्रातले किडे, तारामासे आणि जेलीमासे पाहणारा प्राणिशास्त्रज्ञ होता.

मी जन्मभर कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले. पाठ्यपुस्तकात मेचनिकॉव्ह जेमतेम एका ओळीत येतात आणि जातात. मुले ती ओळ पाठ करतात, परीक्षेत एक गुण मिळवतात आणि विसरतात. मला मात्र या माणसाने सोडले नाही. एक तर त्यांचे आयुष्य कादंबरीसारखे आहे. दुसरे म्हणजे त्यांनी विचारलेला प्रश्न अजून संपलेला नाही. शरीरात शिरलेला परका कोण आणि आपला कोण, हे ती बिनडोळ्यांची, बिनमेंदूची पेशी ओळखते कशी? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता शास्त्र आज आपल्या तळ्यातल्या माशापर्यंत येऊन पोहोचले आहे. पण तिथे जाण्याआधी त्या माणसाची ओळख करून घेऊ.

मेचनिकॉव्ह यांचा जन्म मे १८४५ मधला. खार्कोव्ह शहराजवळच्या खेड्यात, म्हणजे तेव्हाच्या रशियन साम्राज्यात आणि आजच्या युक्रेनमध्ये. वडील बादशाही लष्करातले अधिकारी, आईचे माहेर ज्यू. पाच भावंडांत इल्या धाकटा. टॉलस्टॉय यांनी ज्याच्या मरणावर आपली प्रसिद्ध दीर्घकथा बेतली तो इव्हान इलिच म्हणजे याच घरातला एक मोठा भाऊ. तो १८८१ मध्ये वारला. इल्या लहानपणापासून चळवळ्या. घरच्यांना आणि शेजारच्या पोरांना धरून वनस्पती-प्राण्यांवर व्याख्याने द्यायची त्याला हौस. खार्कोव्हच्या विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत संपवला आणि विशीच्या आत तो जर्मनीत पोहोचला. तिथे १८६५ मध्ये एका साध्या चपट्या कृमीत त्याला दिसले, की या प्राण्याच्या पेशी अन्नाचा कण स्वतःच्या पोटात घेऊन पचवतात. तेव्हा ते निरीक्षण केवळ पचनाबद्दलचे होते. पुढची सतरा वर्षे ते डोक्यात तसेच पडून राहिले.

नेपल्स, मग सेंट पीटर्सबर्ग, मग १८७० मध्ये ओडेसाच्या विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापकपद. वय पंचवीस. कागदावर सगळे उत्तम. घरात मात्र अंधार. १८६९ मध्ये त्यांनी लुडमिला या मुलीशी लग्न केले तेव्हाच तिला क्षयाने गाठले होते. लग्नाच्या दिवशी तिला चर्चपर्यंत चालवेना, खुर्चीत बसवून न्यावे लागले. पुढची चार वर्षे मेचनिकॉव्ह व्याख्याने देत, भाषांतरे करत, पैसा जमवत आणि तिला उबदार हवेच्या गावांना नेत राहिले. क्षयावर औषध नव्हते. ते यायला अजून सत्तर वर्षे होती. १८७३ च्या एप्रिलमध्ये मदिरा बेटावर लुडमिला गेली. मेचनिकॉव्ह यांचे स्वतःचे डोळेही त्या दिवसांत इतके बिघडले होते, की सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणे अवघड झाले होते. बायको नाही, काम नाही. त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला आणि त्यातून ते वाचले.

त्या काळोख्या दिवसांतली एक हकीकत त्यांची दुसरी पत्नी ओल्गा हिने त्यांच्या चरित्रात नोंदवली आहे. जिनिव्हा शहरात एका पुलावरच्या दिव्याभोवती घोंगावणारे इवलेसे किडे त्यांना दिसले. काही तासच जगणारे, न खाणारे किडे. इतक्या थोड्या आयुष्यात यांच्यावर डार्विनचा निवडीचा नियम लागू कसा होत असेल, असा प्रश्न त्यांच्या मनात आला आणि मरणाचा विचार मागे पडला. हकीकत थोडी गोळीबंद वाटते खरी. पण माणूस असा होता, की प्रश्न पडला म्हणजे जगणे भाग पडावे.

ओल्गाची ओळखही अशीच. ओडेसात त्यांच्या वरच्या मजल्यावर मोठे कुटुंब राहत होते, पोरांचा गोंगाट फार. तक्रारीतून परिचय झाला, मग थोरल्या मुलीला प्राणिशास्त्र शिकवणे सुरू झाले आणि १८७५ मध्ये लग्न. ती तेव्हा शाळकरी वयातून नुकती बाहेर पडत होती. पुढे ती चित्रकार, शिल्पकार आणि प्रयोगशाळेतली सहकारी झाली. चाळीस वर्षे तिने त्यांना सांभाळले. १८८० मध्ये ती विषमज्वराने मरणाच्या दारात गेली. त्याच सुमारास विद्यापीठातले राजकारण टोकाला गेले होते. १८८१ च्या मार्चमध्ये झार अलेक्झांडर दुसरा याचा खून झाला आणि सरकारने सगळ्याच शिकल्यासवरल्यांकडे संशयाने पाहायला सुरुवात केली. अशात मेचनिकॉव्ह यांनी उलटून येणाऱ्या तापाच्या रोग्याचे रक्त स्वतःला टोचून घेतले. हा प्रयोग होता की मरणाची दुसरी वाट, हे सांगता येणे कठीण, बहुधा दोन्ही. ताप जबर आला. त्यातून उठले ते वेगळेच मेचनिकॉव्ह होते. खचलेला माणूस गेला, जगण्यावर भारी लोभ असलेला आला. शरीर आपोआप बरे कसे होते, हा प्रश्न पुढे त्यांच्या हातून सुटेना, याचे मला तरी नवल वाटत नाही.

१८८२ मध्ये त्यांनी प्राध्यापकी सोडली. ओल्गाचे आईवडील वारले होते, तिच्या धाकट्या भावंडांची जबाबदारी या दोघांवर होती आणि वारशाचा थोडा पैसाही हाती आला होता. सारे बिऱ्हाड सिसिली बेटावरच्या मेसिना गावी आले. समुद्रकाठी भाड्याचे घर, दिवाणखान्यातच सूक्ष्मदर्शक.

एके दिवशी घरची सगळी मंडळी सर्कशीला गेली. कसरती करणारी माकडे आली होती म्हणे. मेचनिकॉव्ह एकटेच मागे राहिले. समोर काचपट्टीवर तारामाशाची अळी होती. ही अळी काचेसारखी आरपार असते; तिच्या अंगात हिंडणाऱ्या पेशी जिवंतपणी पाहता येतात. त्या पेशी अन्नाचे कण गिळतात हे तर त्यांना कृमीपासून ठाऊक होते. पाहता पाहता एकदम मनात आले: याच पेशी बाहेरून शिरलेल्या शत्रूलाही गिळत असतील तर? पचन आणि संरक्षण ही एकाच कामाची दोन अंगे असतील तर? त्यांना बसवेना. ते खोलीत येरझारा घालू लागले, मग समुद्रावर जाऊन आले. तर्क खरा असेल तर या अळीच्या अंगात काटा घातला असता पेशी धावून यायला हव्यात, जशा माणसाच्या बोटात काटा गेला की पू जमतो. अळीला ना रक्तवाहिन्या, ना मज्जासंस्था. म्हणजे जे काही होईल ते पेशींच्या स्वतःच्या हुशारीने.

अंगणात मोसंब्याच्या जातीचे एक झाड होते. पोरांसाठी तेच नाताळचे झाड म्हणून सजवले होते. तिथल्या गुलाबाचे काही काटे त्यांनी आणले आणि अळ्यांच्या त्वचेखाली सरकवले. रात्रभर झोप नाही. पहाटे पाहतात तो काट्याभोवती पेशींची दाटी झालेली. वेढाच पडला होता.

जगातला एक फार मोठा प्रयोग इतक्या कमी खर्चात झाला. वर्गात हा प्रसंग सांगताना मी नेहमी थांबत असे. आपल्या शाळांत प्रयोगशाळा नाही, साहित्य नाही, ही ओरड खरीच आहे आणि ती करायलाही हवी. पण मेसिनाच्या त्या घरात तरी काय होते? एक भिंग, एक काटा, आणि सतरा वर्षे मनात मुरलेले एक निरीक्षण.

बर्लिनचे महान विकृतिशास्त्रज्ञ फिरखॉव्ह तेव्हा मेसिनात आले होते. त्यांनी हे काम पाहिले, कौतुक केले आणि जपून पावले टाका असेही बजावले. व्हिएन्नाचे प्राध्यापक क्लाउस यांनी या पेशींना ग्रीक शब्दांवरून नाव सुचवले: फॅगोसाइट, म्हणजे खाणारी पेशी. आपण भक्षक पेशी म्हणतो. काटा निर्जीव होता; खऱ्या रोगाचा पुरावा १८८४ मध्ये आला. डाफ्निया नावाचा डबक्यात राहणारा पारदर्शक पाणकिडा असतो, विहिरीच्या पाण्यातही सापडतो. त्याला एका बुरशीचा रोग होतो. बुरशीचे सुईसारखे टोकदार बीज आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरते. मेचनिकॉव्ह यांनी पाहिले, की पेशी त्या सुयांना घेरून गिळतात आणि विरघळवतात. जिथे पेशी जिंकतात तिथे डाफ्निया जगतो, जिथे बुरशी जिंकते तिथे मरतो.

वास्तविक एवढ्यावर कीर्ती मिळायला हवी होती. मिळाली ती भांडणे. १८८६ मध्ये ओडेसात पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगावर पाश्चर पद्धतीने लस देणारे केंद्र निघाले आणि मेचनिकॉव्ह त्याचे प्रमुख झाले. स्थानिक डॉक्टर उसळले, कारण प्रमुख डॉक्टर नव्हता. त्यात केंद्रातून गेलेल्या काळपुळीच्या लशीने हजारो मेंढ्या दगावल्या. मेचनिकॉव्ह यांनी ओळखले, की इथे काम होणार नाही. बर्लिनला जाऊन त्यांनी जंतुशास्त्राचे सम्राट रॉबर्ट कॉख यांना आपल्या काचपट्ट्या दाखवल्या. कॉख यांनी थंडपणे पाहून विषय झटकला. पॅरिसमध्ये म्हाताऱ्या लुई पाश्चर यांनी मात्र दार उघडले. १८८८ पासून मरेपर्यंत, अठ्ठावीस वर्षे, मेचनिकॉव्ह पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये राहिले.

इथे आपल्या मुलखाशी एक धागा जुळतो. ओडेसात त्यांचा एक विद्यार्थी होता, वाल्देमार हाफकिन. ज्यू असल्यामुळे रशियात त्याला धर्म बदलल्याशिवाय पुढची वाट नव्हती आणि धर्म त्याने बदलला नाही. गुरूच्या मागोमाग तो १८८९ मध्ये पॅरिसला आला, तिथे ग्रंथालयातली दुय्यम नोकरी करत करत त्याने पटकीची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढचे आपल्याला ठाऊक आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली मात्रा पुन्हा स्वतःलाच घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांवर तिची परीक्षा झाली. परळच्या ज्या जुन्या राजभवनात त्यांची प्रयोगशाळा गेली तिला १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. माझी आजी सांगे, की प्लेगच्या दिवसांत सारे गाव घरेदारे सोडून रानात झोपड्या बांधून राहत असे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. उंदीर पडला की गाव उठले. तिला हाफकिनचे नाव माहीत नव्हते. पण मेसिनाच्या तारामाशापासून परळपर्यंत आणि तिथून टोचणाऱ्या डॉक्टरापर्यंत वाट सलग आहे, एवढे मात्र खरे.

पॅरिसमधली वर्षे शांत गेली नाहीत. १८९० मध्ये बर्लिनच्या बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवले, की रोगातून उठलेल्या जनावराच्या पेशी पूर्ण काढून टाकल्या, तरी उरलेल्या रक्तद्रवात विष मारण्याची शक्ती असते. हीच ती प्रतिपिंडे. झाले! जर्मन मंडळींचे म्हणणे पडले की रोग हटवतो तो द्रव. पेशी नंतर येतात, झाडलोट करायला. पॅरिसचे म्हणणे, पेशीच लढतात. या वादाला १८७१ च्या जर्मन-फ्रेंच युद्धाचा कडवटपणाही चिकटला होता. मेचनिकॉव्ह परिषदांमागून परिषदा लढवत. केस विस्कटलेले, खिशात कागद कोंबलेले, बोलता बोलता आवाज चढलेला. १८९४ मध्ये फायफर यांनी दाखवले की पटकीचे जंतू पेशींच्या मदतीशिवाय, नुसत्या द्रवात विरघळतात. हा घाव वर्मी लागला. आपण उभ्या आयुष्यात जे बांधले ते कोसळते की काय, असे त्यांना वाटू लागले आणि ते पुन्हा खचले. तरी बुडापेस्टच्या परिषदेत उभे राहून त्यांनी आपली बाजू मांडलीच.

प्रतिस्पर्ध्यांमध्ये सर्वांत तल्लख होते पॉल एर्लिख. त्यांनी १८९७ मध्ये कल्पना मांडली, की पेशीच्या अंगावर विशिष्ट आकाराचे हात असतात. विषाचा कण त्या हातात नेमका बसला, की पेशी तसेच आणखी हात तयार करते, इतके की ते सुटून रक्तात वाहू लागतात. तीच प्रतिपिंडे. या हातांना पुढे त्यांनी रिसेप्टर म्हटले. मराठीत ग्राही असा शब्द आहे. कुलपाची उपमा घेतली तरी चालेल, ठराविक किल्लीच बसते. म्हणजे पाहा, मेचनिकॉव्ह यांनी पहारेकरी दाखवला होता, पण तो चोर ओळखतो कशाने हे त्यांना सांगता येत नव्हते. एर्लिख यांनी ओळखण्याची युक्ती सांगितली, पण ती त्यांनी मुख्यतः विषापुरती आणि द्रवापुरती वापरली. दोघांच्या हातात एकाच भाकरीचे अर्धे अर्धे तुकडे होते. १९०३ मध्ये लंडनच्या ऑमरथ राइट यांनी ते जोडायला सुरुवात केली: प्रतिपिंडे जंतूला चिकटली की भक्षक पेशी त्याला अधिक आवडीने खातात, जसे आपण फिक्या घासाला चटणी लावतो. १९०८ चे वैद्यकाचे नोबेल मेचनिकॉव्ह आणि एर्लिख यांना विभागून मिळाले. समितीने केलेला हा मध्यममार्ग असेल. पण तो न्यायाचा होता, हे कळायला पुढे नव्वद वर्षे जावी लागली.

उतारवयात मेचनिकॉव्ह दह्याकडे वळले, हा भाग आपल्या घरांतून चवीने वाचला जाईल. मोठ्या आतड्यात अन्न कुजते, त्यातून विष तयार होते आणि त्यामुळे माणूस अकाली म्हातारा होतो, असा त्यांचा सिद्धांत. बल्गेरियातले शेतकरी पुष्कळ जगतात, ते विरजलेले दूध खूप पितात. तेव्हा विरजणातले जंतू आतड्यात सोडा. ते स्वतः रोज आंबवलेले दूध घेत आणि कच्चे काही खात नसत. पाहता पाहता युरोपभर दही औषधाच्या दुकानांत विकले जाऊ लागले. आपल्याकडे जेवणाच्या शेवटी ताक पिणाऱ्या आजीला हे शास्त्र कुणी सांगावे लागले नाही. तरी स्पष्ट सांगायला हवे, की मेचनिकॉव्ह यांनी इथे पुराव्याच्या पुढे उडी मारली. आतड्यातल्या विषाने म्हातारपण येते हे सिद्ध झाले नाही, आणि त्या धास्तीने काही शल्यवैद्य चांगली आतडी कापू लागले ते तर भयंकरच होते. आतड्यातल्या जंतूंचा आपल्या प्रकृतीशी संबंध असतो, एवढे त्यातले बीज टिकले. आज बाजारात बाटलीत मिळणारे जंतुयुक्त दही त्यांचेच नाव सांगते. ते कितपत घ्यावे, हे ज्याने त्याने ठरवावे.

महायुद्ध सुरू झाले आणि इन्स्टिट्यूट ओस पडले. तरुण सहकारी आघाडीवर गेले. १९१६ च्या जुलैत, वयाच्या ७१ व्या वर्षी, हृदयविकाराने मेचनिकॉव्ह गेले. मूलबाळ नव्हते. त्यांची रक्षा पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात एका कलशात ठेवली आहे. पुस्तकांच्या कपाटावर.

त्यांच्यामागे भक्षक पेशींकडे बरेच दिवस दुर्लक्ष झाले. सगळे संशोधन प्रतिपिंडांमागे धावले. तिथे एक कोडे होते. जगातल्या कोट्यवधी परक्या वस्तूंसाठी कोट्यवधी प्रकारचे रिसेप्टर लागतात. माणसाची एकूण जनुके तर वीस हजारांच्या घरातली. मग एवढे नमुने येतात कुठून? १९७६ मध्ये जपानच्या सुसुमु टोनेगावा यांनी ते सोडवले. पेशी जनुकाचे तुकडे कापून नव्याने जोडते. घरातल्या त्याच जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांतून प्रत्येक वाकळ वेगळी शिवावी, तसे. ही कापाकापी करणारी कात्री, म्हणजे दोन जनुके, पुढे सापडली. ती माणसात आहे, गाईत आहे, कोंबडीत आहे, बेडकात आहे, रोहू-कटल्यात आहे आणि शार्कमध्येही आहे. जबडा असलेल्या पहिल्या माशांच्या काळात, सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वी, ती आली. जबडा नसलेल्या लॅम्प्रे या सापासारख्या माशात ती नाही. त्याने अगदी वेगळ्या जनुकांतून आपले रिसेप्टर बनवल्याचे २००४ मध्ये कळले.

आणि मेचनिकॉव्ह यांचा मूळ प्रश्न? त्या काट्याभोवती जमणाऱ्या पेशीचा? तिचे रिसेप्टर कापून शिवलेले नसतात, ते जन्मतःच ठरलेले असतात. १९९६ मध्ये फळमाशीत टोल नावाच्या जनुकाचे हे काम दिसले, पुढच्याच वर्षी माणसात त्याचा भाऊबंद सापडला आणि १९९८ मध्ये जंतूच्या आवरणातले विष ओळखणारा रिसेप्टर उंदरात पक्का झाला. या कामाला २०११ चे नोबेल मिळाले. माणसात टोल घराण्याची दहा जनुके आहेत. झेब्रा माशात साधारण वीस. हा मासा आपलाच, गंगेच्या खोऱ्यातला; फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये त्याची नोंद केली. त्याचे पिल्लू तारामाशाच्या अळीसारखेच आरपार दिसते. १९९९ मध्ये खुद्द पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी या पिल्लाच्या अंगात भक्षक पेशी जिवाणू गिळताना पाहिल्या. वर कपाटावर तो कलश होताच.

माशांच्या या जनुकांत चमत्कारिक गोष्टी आहेत. जिवाणूच्या आवरणातले जे विष किंचितसे रक्तात गेले तरी माणसाला धक्का बसून तो दगावू शकतो, तेच कितीतरी पटींनी अधिक मात्रेत मासा सहन करतो. कारण झेब्रा माशात ते विष ओळखणाऱ्या रिसेप्टरचे जनुक आहे, पण ते त्या विषाला दाद देत नाही. उत्तर अटलांटिकमधल्या कॉड माशाची गोष्ट त्याहून विलक्षण. भक्षक पेशी जंतू खाल्ल्यावर त्याचे तुकडे दुसऱ्या पेशींपुढे धरते आणि त्या पेशी आपल्या रिसेप्टरने ते वाचतात. कॉडने ही तुकडे दाखवायची यंत्रणा आणि वाचणारा रिसेप्टर, दोन्हींची जनुके गमावली आहेत, असे नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवले. आणि तरीही तो समुद्रात लाखोंनी जगतो. दुसऱ्या एका जातीच्या रिसेप्टरची जनुके त्याने भरमसाट वाढवून घेतली आहेत.

लेंडी नदीच्या अंगाला पाझर तलाव ठेक्याने घेणारे एक भोई गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनी मला एकदा विचारले होते, की हिवाळा लागला की मरळीच्या अंगावर लाल चट्टे पडून जखमा होतात, तीच तळी, तेच पाणी, मग सिप्रिनसला काही का होत नाही? हा चट्ट्यांचा रोग १९८८ मध्ये भारतात शिरला. मूळ कारण एक पाण्यातला बुरशीसारखा सूक्ष्मजीव. जखमेचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की बुरशीचे धागे दिसतात आणि प्रत्येक धाग्याभोवती पेशींचे कडे. मेसिनातल्या काट्याभोवती होते तेच. सिप्रिनसमध्ये हे कडे धाग्याला तिथल्या तिथे कोंडते. मरळीत कडे पडते, पण धागा त्यातून पुढे सरकतो. मरळीची पेशी कुठे कमी पडते, ओळखण्यात की गिळण्यात, हे जनुकांच्या पातळीवर शोधण्याचे काम चालू आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने या रोगावर सीफॅक्स हे औषध काढले; त्याच संस्थेने निवड पद्धतीने वेगाने वाढणारी जयंती रोहू तयार केली आणि जिवाणूंच्या रोगाला न जुमानणारे रोहू निवडण्याचे प्रयोगही केले. म्हणजे पहारेकरी ज्याचा जागा, त्याचीच बोटुकली पुढे न्यायची.

मी त्यांना हे सगळे जमेल तसे सांगितले. तारामाशाचेही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग हिशेब मांडला. त्यांनी तलावात चुना टाकला, सिप्रिनसचे बीज वाढवले, आणि थोडी मरळ तरी ठेवलीच. बाजारात तिला भाव दुप्पट येतो.